फरक कुणाच्या खिशातून?

आमच्या काळात बँकेत संध्याकाळी सहाच्या सुमारास कुणी नुसतं "फरक लागतोय" म्हटलं, तरी घरी निघालेली माणसं डबा परत टेबलावर ठेवून खुर्चीत बसत. लेजर म्हणजे खातेदारांच्या खात्यांची वही, जनरल लेजर म्हणजे शाखेच्या एकूण हिशेबाची. लेजरमधल्या सगळ्या खात्यांच्या शिलकांची बेरीज जनरल लेजरमधल्या आकड्याशी जुळली पाहिजे, एवढाच नियम. नाही जुळली की शोधाशोध. फरक दहा हजारांचा असो की दहा पैशांचा, शोधण्याचे कष्ट सारखेच. किंबहुना दहा पैशांचा फरक जास्त छळतो, कारण तेवढे खिशातून टाकून मोकळं व्हायचा मोह होतो आणि तसं करायचं नसतं. नव्या पोराला पहिला मंत्र मिळे तो असा : फरकाला नवाने भाग जातोय का बघ. जात असेल तर कुणीतरी आकडे उलटे मांडलेत, ५४ च्या जागी ४५. मला हा मंत्र नानांनी दिला.

नाना आमच्या शाखेचे हेडक्लार्क. सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, मंगळवारचा आठवडे बाजार, पलीकडे साखर कारखाना. मी तिथे अधिकारी, म्हणजे हुद्द्याने नानांच्या वर आणि वयाने सतरा वर्षांनी खाली. ते मला साहेब म्हणत. त्या 'साहेब'मध्ये आदर किती आणि गंमत किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

नानांची आठवण निघाली ती भाच्यामुळे. तो हिंजवडीत एका कंपनीत आहे. परवा फोनवर म्हणाला, "मामा, तू बँकेचं कॉम्प्युटरायझेशन बघितलंयस. चेंज मॅनेज करणं आणि चेंज लीड करणं यात नेमका फरक काय? दोन ओळींत सांग, स्लाइडवर टाकायचंय." मी त्याला काहीतरी चटपटीत सांगितलं. त्याला ते फार आवडलं, म्हणजे ते नक्कीच चुकीचं असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना नाना आठवले.

मराठीत आपण बदल 'राबवतो'. मोठा प्रामाणिक शब्द आहे. राबणारा वेगळा आणि राबवणारा वेगळा, हे त्यातच सांगून टाकलंय. दुसऱ्या बाजूचा शब्द मात्र आपण नासवला. पुढारी म्हणजे खरं तर पुढे चालणारा. आता हा शब्द कानावर पडला की डोळ्यांसमोर चौकातला फ्लेक्स येतो, चालणारं कुणी येत नाही. मी राबवणाऱ्यांपैकी होतो, आणि चांगला राबवणारा होतो, हे आधीच सांगून टाकतो.

१९९९ साल. बँकांत संगणक आणायचा विषय त्याआधी पंधरा वर्षं चघळला जात होता. रिझर्व्ह बँकेचे त्या वेळचे डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांच्या समितीचा पहिला अहवाल १९८४ चा, दुसरा १९८९ चा. कर्मचारी संघटनांशी करार झाले ते १९८३ मध्ये आणि मग १९९३ मध्ये, घासाघीस करून. साठच्या दशकात कलकत्त्यात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी संगणक कचेरीत येऊ नये म्हणून पहारा दिला होता. ती गोष्ट नाना युनियनच्या सभेत अशी रंगवून सांगत, की जणू ते स्वतः त्या दारात उभे होते. ऐंशीच्या दशकात छातीवर बिल्ला लावून त्यांनी घोषणाही दिल्या होत्या. "एक मशीन पाच माणसं खाणार," हे त्यांचं तेव्हाचं वाक्य. शेवटी सरकारी कारभारातल्या भ्रष्टाचारावर नजर ठेवणाऱ्या केंद्रीय दक्षता आयोगाने सरकारी बँकांना बजावलं, की १ जानेवारी २००१ पर्यंत ७० टक्के व्यवसाय संगणकावर आला पाहिजे. दक्षता आयोगाचं नाव आल्यावर चर्चा संपली आणि तारखा सुरू झाल्या.

आमच्या शाखेचं काम माझ्याकडे आलं, कारण मी पदवीला स्टॅटिस्टिक्स घेतलं होतं. एवढंच कारण. मी एक मोठा ड्रॉइंग पेपर आणून त्यावर तक्ता केला. आडव्या रकान्यात आठवडे, उभ्यात कामं : खात्यांची छाननी, पत्ते, वारसांची नावं, नमुना सह्यांची कार्डं, वर्षानुवर्षं झोपलेली खाती वेगळी काढणं, प्रशिक्षणाच्या तुकड्या, वायरिंग. झालेल्या कामाला हिरवी टाचणी, राहिलेल्याला लाल. रिजनल ऑफिसातून कुणी आलं की मॅनेजर साहेब आधी चहा मागवत आणि मग तक्ता दाखवत. पुढे पुढे क्रम उलटा झाला.

कोपऱ्यातली स्टेशनरीची खोली रिकामी करून काच लावली, एसी बसवला. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. उन्हाळ्यात पेन्शनच्या दिवशी बाहेर साठ-सत्तर म्हातारी माणसं दोन पंख्यांखाली घामाघूम आणि काचेआड सर्व्हर गारेगार. मला यात काही वावगं वाटलं नाही, हे आज सांगताना बरं वाटत नाही. एका पेन्शनर गुरुजींनी मला विचारलं होतं, "आत कोण आजारी आहे का?"

प्रशिक्षणाच्या यादीत मी नानांचं नाव सगळ्यांत शेवटी घातलं. हिशेब सरळ होता. चौपन्न वर्षांचा माणूस, त्याच्यावर वेळ कशाला घालवा? तरुणांना आधी तयार करावं. नाना यादी वाचून केबिनमध्ये आले. "साहेब, मला शेवटी का?" मी गोल गोल बोललो. ते म्हणाले, "मी शेवटी शिकलो, तर तोवर हे सगळे माझ्याकडे बघत बसतील. आणि मी शिकत नाहीये म्हटल्यावर त्यांनाही न शिकायला कारण मिळेल." मी त्यांचं नाव वर नेलं, कारण हुज्जत नको होती. त्यांच्या म्हणण्यातलं मर्म मला तेव्हा कळलं असं मी म्हणणार नाही.

नानांचं अक्षर हा तालुक्यात चर्चेचा विषय होता. मोत्यासारखं वगैरे नव्हे, छापल्यासारखंही नव्हे. ठसठशीत, किंचित मागे झुकलेलं, आणि सात तर असा की दुरून ओळखावा. हजारएक खातेदारांचे फोलिओ नंबर त्यांना तोंडपाठ. माणूस दारातून आत येताना दिसला की त्यांचा हात लेजरच्या नेमक्या पानावर गेलेला असे. मशीनने ज्याचं सगळ्यांत जास्त हिरावून घेतलं असा आमच्या शाखेत एकच माणूस होता, आणि तोच शिकायला पहिला जाऊन बसला. तोही आत काचेआड नव्हे. काउंटरवरच्या टर्मिनलपाशी, भर कामाच्या वेळेत, शाखेतल्या सगळ्यांत नव्या मुलीसमोर. "ताई, शिकवा मला." एका बोटाने ते एकेक कळ शोधत. समोर गिऱ्हाइकांची रांग. कुणी म्हणे, "नाना, डावीकडं बघा, डावीकडं." नाना हसत. रांग हसे. पंधरा दिवसांत जी माणसं मला 'डोळ्यांना त्रास होतो', 'मान धरते' म्हणून चिठ्ठ्या आणून देत होती, ती आपणहून बसायला लागली. मी तक्त्यावर हिरवी टाचणी लावली. प्रशिक्षण पूर्ण.

उद्घाटनाला रिजनल मॅनेजर आले. मॉनिटरला हार, कीबोर्डला कुंकू, नारळ बाहेर पायरीवर. भाषण झाल्यावर 'कुणाला काही विचारायचंय का' असं त्यांनी रिवाजाप्रमाणे विचारलं आणि नाना रिवाज मोडून उभे राहिले.

त्यांचा प्रश्न समजायला एक गोष्ट माहीत हवी. बचत खात्यावरचं व्याज तेव्हा रोजच्या शिलकेवर मिळत नसे. महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंत जी सगळ्यांत कमी शिल्लक असेल तिच्यावर त्या महिन्याचं व्याज. बँकेतल्या माणसांच्या नातेवाइकांना हे ठाऊक असे. 'दहाच्या आत भर' हा आमच्या घरातला मंत्र होता. शेतकऱ्याला कोण सांगणार? कारखान्याचं उसाचं बिल १२ जुलैला दहा हजार रुपये जमा झालं आणि २८ ऑगस्टला त्याने ते काढलं, तर पैसे सत्तेचाळीस दिवस बँकेत राहिले आणि त्यावरचं व्याज शून्य. जुलैत दहा तारखेला पैसे नव्हते, ऑगस्टात अखेरीला नव्हते. तेव्हाच्या साडेचार टक्के दराने रोजचं व्याज धरलं असतं, तर त्याला ५८ रुपये मिळाले असते. नियमामागे कारणही होतं. हजारो खात्यांचं रोजचं व्याज हाताने काढणं कारकुनाला शक्य नाही. महिन्याचा एक आकडा काढायचा, सहामाहीला सहा आकड्यांची बेरीज, तेवढ्यानेच रात्री जागवायच्या.

नाना म्हणाले, "साहेब, हे मशीन रोजची शिल्लक रोज सांगतं. मग व्याज रोजचं का नाही देत?"

रिजनल मॅनेजर हसले. म्हणाले, ही धोरणाची बाब आहे, रिझर्व्ह बँक ठरवते. उत्तर शंभर टक्के बरोबर होतं. मी मनात म्हणालो, आज उद्घाटन आहे, नाना, काय हे. बर्फी वाटली गेली.

तीन महिने दोन्हीकडे नोंद करायची होती, लेजरमध्येही आणि मशीनवरही. काम दुप्पट, चिडचिड चौपट. पण लेजर बंद झाल्यावर खरी पंचाईत आली ती पासबुकांची. आधी पासबुक हाताने भरलं जाई, मराठी आकड्यांत, आणि शिलकेसमोर नानांची छोटी सही. आता डॉट मॅट्रिक्स प्रिंटर किरकिरत फिकट इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे छापू लागला. गावातल्या कितीतरी बायका मराठी चौथी शिकलेल्या. त्यांना मराठी आकडा वाचता येई, इंग्रजी नाही. एक आजी खिडकीशी येऊन म्हणाल्या, "ह्ये काय लिवलंय? माजं पैसं कुटं हायती?" मी त्यांना समजावलं की सगळं मशीनमध्ये सुरक्षित आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पासबुक पदरात घातलं आणि नाना जेवून येईपर्यंत बाकावर बसून राहिल्या.

नानांनी आल्यावर छापलेल्या शिलकेखाली पेनाने मराठीत आकडा लिहिला आणि सही केली. आजी उठल्या. त्या दिवसापासून ती रीतच पडली. नानांपुढे रांग वेगळी. मशीनने छापायचं, नानांनी मराठीत लिहायचं.

मी मेमो तयार केला. सही मॅनेजर साहेबांची, मजकूर माझा : संगणकाने छापलेल्या पासबुकात हाताने कोणतीही नोंद करू नये. हा मेमो मूर्खपणाचा नव्हता, हे मी आजही म्हणेन. छापील पासबुकात हाताने लिहिलेला आकडा म्हणजे अफरातफरीला उघडं दार. उद्या दुसऱ्या कुणी तसंच अक्षर काढून खोटी शिल्लक लिहिली, तर? नाना प्रामाणिक होते म्हणून नियम सैल करता येत नाही. नियम असतो तो पुढच्या माणसासाठी.

नानांनी मेमो वाचला, दुय्यम प्रतीवर सही केली आणि त्याच दिवशी लिहिणं थांबवलं. वाद नाही, युनियनकडे तक्रार नाही. मला वाटलं, जिंकलो.

आठवड्याने ते एक गठ्ठा घेऊन आले. पोस्टकार्डाएवढी जाड पिवळी कार्डं. वरच्या ओळीत शून्य ते नऊ मराठी आकडे, खालच्या ओळीत तेच इंग्रजी, मोठ्या ठशात. त्याखाली 'जमा', 'नावे' (म्हणजे खात्यातून गेलेले) आणि 'शिल्लक' हे तीन शब्द आणि प्रिंटरवर त्यांच्यासाठी काय उमटतं ते. गावातल्या प्रेसमध्ये पाचशे कार्डं छापून आणली होती. "पासबुकात लिहायचं नाही म्हणालात. पासबुकाच्या आत ठेवायला हरकत नाही ना?" मी बिल मागितलं, म्हटलं किरकोळ खर्चात घालू. नाना म्हणाले, "नको. व्हाउचर केलं की तुम्हाला मंजुरी घ्यावी लागेल. मंजुरी येईपर्यंत आजी जातील." त्या कुठे जातील ते त्यांनी सांगितलं नाही.

पुढचे तीन-चार महिने दर पासबुकामागे दोन मिनिटं ते कार्डावर बोट ठेवून आकडे वाचायला लावत. "हा कुठला? बघा खाली. आता तुम्ही वाचा." चूक झाली की पुन्हा. रांग खोळंबे. माझ्या तक्त्यात या कामाला रकाना नव्हता.

एकदा संध्याकाळी शटर खाली घेतल्यावर मी त्यांना विचारलं, एवढा खटाटोप कशासाठी? तेव्हा त्यांनी त्यांच्या वडिलांच्या दुकानाची गोष्ट सांगितली. १ एप्रिल १९५७ ला नये पैसे आले. तोवर रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. आता रुपयाचे शंभर. नाना तेव्हा बारा वर्षांचे, शाळा सुटली की दुकानात गल्ल्याशेजारी. सरकारने तक्ते छापले होते : एक आणा म्हणजे ६ नये पैसे, दोन आणे म्हणजे १२, तीन आणे १९, चार आणे २५. चार आण्यांचा हिशेब चोख, मधल्यांचा नाही. आण्याचे खरे सव्वासहा, तीन आण्यांचे पावणेएकोणीस. कुठेतरी पाव पैसा वर, कुठेतरी अर्धा खाली. बाजारात दुकानदारांनी तीन आण्यांच्या जिनसाला १९ घेतले. तक्त्यातच लिहिलं होतं, काही गैर नव्हतं. नानांच्या वडिलांनी १८ घेतले. का, असं पोराने विचारलं तेव्हा म्हणाले, "त्या बाईनं नवं नाणं मागितलं नव्हतं. तिला वाटतं नव्या पैशात आपण फसतोय. महिना-दोन महिने तिला वाटू दे, की नव्या पैशात फायदा आहे. फरक आपल्या खिशातून."

मी हिशेब केला. जिनसामागे पाऊण पैसा. किराणा दुकानाच्या उलाढालीत ही रक्कम लहान नव्हती.

तक्ता नसता तर काय झालं असतं, हेही पाहायला हवं. नुसत्या नानांच्या वडिलांच्या चांगुलपणावर देशाचं नाणं बदलता येत नाही. टांकसाळीला, टपाल कचेरीला, रेल्वेच्या तिकीट खिडकीला सगळीकडे एकच कोष्टक लागतं. नाणी दोन्ही प्रकारची बरीच वर्षं चालली, 'नये' हा शब्द १९६४ मध्ये अधिकृतपणे गळला, आणि तरी आज आपण 'सोळा आणे खरं' म्हणतो ते म्हणतोच. एवढं मोठं काम तक्त्याशिवाय होत नाही. मी तक्तेवाला आहे, मला तक्त्यांचा अपमान सहन होत नाही.

आमच्या शाखेतही तसा प्रसंग आलाच. नानांनी उत्साहाच्या भरात चालू खात्यांचं आपलं लेजर तीन महिन्यांऐवजी दीड महिन्यातच मिटलं. "आता पाण्यात पडलोय तर काठ कशाला धरायचा?" असं म्हणून शिपायाच्या मदतीने लेजर स्वतः उचलून रेकॉर्ड रूममध्ये ठेवून आले. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या असाव्यात. पंधरा दिवसांनी ताळा करताना फरक लागला : नऊ हजार. लेजर नाही, पडताळणार कशाशी? मी रोजच्या व्यवहारांचे प्रिंट काढून तारीखवार फाइल करत होतो. सगळे मला त्यावरून हसायचे, एवढा कागद कशाला जाळता म्हणून. दोन रात्री त्या फायली घेऊन बसलो. दुसऱ्या रात्री साडेअकराला नानाच म्हणाले, "साहेब, नवाने भाग जातोय." खताच्या दुकानाच्या खात्यात १२,३०० ऐवजी २१,३०० पडले होते. नोंद करणाऱ्याच्या रकान्यात नानांचाच क्रमांक. एका बोटाची करामत. सुदैवाने दुकानदाराने पैसे काढले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी सगळ्यांसमोर सांगितलं की चूक माझी, लेजर लवकर मिटलं ती आणखी मोठी चूक, आणि साहेबांच्या रद्दीमुळे वाचलो. रद्दी हाच शब्द वापरला.

मग २००० च्या शेवटी स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. पंधरा वर्षं नोकरी किंवा वयाची चाळिशी पूर्ण, एवढी अट. प्रत्येक वर्षाच्या नोकरीमागे साठ दिवसांचा पगार, किंवा उरलेल्या नोकरीचा पगार, यातलं जे कमी असेल ते. सरकारी बँकांतून लाखावर माणसं बाहेर पडली. बिल्ला लावून नाना जे ओरडले होते, ते वेगळ्या रूपाने खरं ठरलं. मशीनने कुणाला खाल्लं नाही, माणसं अर्ज करून गेली. नानांनीही अर्ज केला. मी विचारलं, आता कुठे हात बसलाय मशीनवर, मग का? म्हणाले, "आता माझी गरज कुणाला आहे? आकडे वाचायला सगळ्यांना येतात." तक्रारीचा सूर नव्हता, पण मला तो अजून ऐकू येतो. ज्याने आम्हा सगळ्यांना पलीकडे नेलं त्याला पलीकडे जागा नव्हती, आणि हे त्याला आधीच दिसलं होतं का, हा प्रश्न मी विचारला नाही. निरोपाला चांदीचा गणपती दिला. मानपत्र मीच लिहिलं, 'परिवर्तनाचे शिल्पकार' वगैरे. नाना ऐकताना खाली बघत होते.

२००६ साली कोअर बँकिंग, म्हणजे सगळ्या शाखांची खाती एकाच मध्यवर्ती सर्व्हरवर, आलं तेव्हा मी दुसऱ्या गावी शाखाधिकारी होतो. या वेळी तक्ता कॉम्प्युटरवर. काम पहिल्यापेक्षा नेटकं झालं. शनिवारी दुपारी शाखा बंद केली आणि सोमवारी सकाळी खाती थेट मुंबईच्या सर्व्हरवर. फरक शून्य. रिजनल ऑफिसने अभिनंदनाचं पत्र पाठवलं, ते माझ्याकडे अजून आहे. फक्त खात्यांचे नंबर बदलले. चार आकडी नंबर लोकांना पोराच्या वाढदिवसासारखा पाठ होता, तिथे आता लांबलचक नंबर आला. मला नानांची कार्डं आठवली. मी तशीच छापून घेतली, रीतसर मंजुरी काढून, चांगल्या कागदावर, लॅमिनेशनसकट. जुना नंबर, नवा नंबर. शिपायाला सांगितलं, काउंटरवर ठेव, लोक घेतील.

महिन्याने कॅन्टीनच्या टेबलाचा एक पाय लंगडा होता तो नीट झालेला दिसला. वाकून पाहिलं तर पायाखाली माझी कार्डं, चौपदरी.

मी खुर्ची बाहेर आणली. काउंटरशेजारी बसून एकेकाला नंबर वाचून दाखवायला लागलो. पहिल्या दिवशी लोक बिचकले, साहेब बाहेर का बसलेत, काही चौकशी लागलीय का. दुसऱ्या दिवशी एक-दोघं बोलले. चौथ्या दिवशी एका बाईने पिशवीतून पासबुक काढून माझ्या हातात दिलं आणि मुलाच्या लग्नाचं सांगायला लागली. पाचव्या दिवशी इन्स्पेक्शनची तारीख आली, मी केबिनमध्ये गेलो, आणि खुर्ची काही परत बाहेर आली नाही. भाच्याला हे स्लाइडवर कसं देणार?

दहा तारखेचा तो नियम मशीन आल्यावरही तसाच चालू राहिला. सर्व्हरला सेकंदाचं व्याज काढता आलं असतं, पण आमच्यापैकी कुणीही त्याला ते विचारलं नाही. आम्ही जुना हिशेब नव्या यंत्रावर वेगाने करत होतो, बस्स. अखेर रिझर्व्ह बँकेने ठरवलं आणि १ एप्रिल २०१० पासून बचत खात्याचं व्याज रोजच्या शिलकेवर द्यायला सुरुवात झाली. सर्क्युलर वाचल्यावर मी पहिला फोन नानांना केला. ते साताऱ्याला मुलाकडे राहत होते. आवाज थकलेला, पण ऐकू नीट येत होतं. मी म्हटलं, "नाना, तुमचा प्रश्न सुटला. आजपासून रोजचं व्याज."

पलीकडे थोडा वेळ शांतता.

"उद्घाटन कधी झालं होतं आपलं?"

"नव्व्याण्णव."

"म्हणजे अकरा वर्षं." पुन्हा शांतता. मला वाटलं लाइन गेली. मग म्हणाले, "साहेब, या अकरा वर्षांचा फरक कुणाच्या खिशातून गेला?"

मी काहीतरी बोलणार होतो. मेमोबद्दलही बोलायचं होतं, दहा वर्षं राहून गेलं होतं. तेवढ्यात त्यांनी मागे कुणाला तरी ओरडून सांगितलं की गॅस बंद करा, दूध उतू जातंय, आणि मला म्हणाले, "थांबा हं साहेब, मी करतो परत."